ऑफिसातून निघालेला नेटवर्क प्रिंटर घरी कसा जोडावा

इंदूरमध्ये आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये किंवा जेल रोडच्या दुकानांत ऑफिसांनी काढून टाकलेले लेझर प्रिंटर विकायला ठेवलेले दिसतात. एचपी लेझरजेट १३२०एन, पी२०५५डीएन, ब्रदर एचएल-५२५०डीएन अशी ही मॉडेले आहेत. ऑफिसचा रोजचा भार पेलायला बनलेली ही यंत्रे घरच्या महिना पन्नास-शंभर पानांना सहज पुरतात. बहुतेक वेळा ती बिघडल्यामुळे बाहेर पडलेली नसतात. प्रिंटरसोबत आलेली ड्रायव्हरची, म्हणजे संगणकाला प्रिंटर चालवता यावा यासाठीच्या प्रोग्रॅमची, जुनी सीडी नव्या विंडोजवर चालेना, एवढेच निमित्त असते.

ती सीडी लागतच नाही. जुना नेटवर्क प्रिंटर जोडायला दोनच गोष्टी पक्क्या कराव्या लागतात. घरच्या नेटवर्कमध्ये त्याला एक कायमचा पत्ता हवा, आणि त्याला कोणती छपाईची भाषा, म्हणजे संगणकाने पाठवलेल्या कोणत्या प्रकारच्या आज्ञा, कळते ते आपल्याला ठाऊक हवे. पत्ता चुकला तर प्रिंटर सापडत नाही. भाषा चुकली तर तो पानेच्या पाने अगम्य अक्षरे छापत बसतो. ज्यांचा दिवस वाया जातो त्यांचा तो या दोहोंपैकी एका ठिकाणीच गेलेला असतो.

घेण्याआधी किंवा घरी आणल्यावर पहिल्यांदा

मॉडेलच्या नावातली शेवटची अक्षरे वाचा. एन म्हणजे नेटवर्कची सोय, डी म्हणजे कागदाच्या दोन्ही बाजूंना आपोआप छपाई, डब्ल्यू म्हणजे वायफाय, टी म्हणजे जादा ट्रे. १३२० आणि १३२०एन बाहेरून सारखेच दिसतात, पण नुसत्या १३२०ला नेटवर्कची खाचच नसते. म्हणून नावावर थांबू नका, प्रिंटर फिरवून मागची बाजू पाहा. आठ तारांची रुंद खाच ही नेटवर्कची. फॅक्स असलेल्या यंत्रांवर तिच्या शेजारी किंवा खाली टेलिफोनची अरुंद खाच असते. टेलिफोनची पिन नेटवर्कच्या खाचेत सैलसर का होईना शिरते आणि लोक तिथेच फसतात. नेटवर्कची केबल बसताना टक् असा आवाज येतो आणि हलके ओढल्यावर ती निघत नाही.

मग मागच्या पाटीवरचे व्होल्टेज वाचा. परदेशातून आलेल्या जुन्या मालात ११० व्होल्टची यंत्रे असतात. लेझर प्रिंटरच्या आत शाई कागदावर पक्की करणारा तापता रूळ असतो, त्याला फ्यूझर म्हणतात. तो ११० व्होल्टचा असेल आणि आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटला लावला तर यंत्र तिथेच संपते. पाटीवर २२०–२४० लिहिलेले असले पाहिजे.

याच फ्यूझरमुळे लेझर प्रिंटर संगणकाच्या यूपीएसवर किंवा घरच्या इन्व्हर्टरवर कधीही लावू नये. तापताना तो क्षणभर जोराचा झटका ओढतो. ६०० व्हीएचा साधा यूपीएस त्याने बंद पडतो आणि त्याच्यासोबत संगणकही. प्रिंटर थेट भिंतीतल्या सॉकेटला लावा. राउटर मात्र यूपीएसवर असू द्या.

दुकानात उभे असतानाच कॉन्फिगरेशन पान छापून घ्या. पडदा असलेल्या प्रिंटरवर मेनूत 'इन्फर्मेशन' किंवा 'रिपोर्ट्स' असे सदर असते. पडदा नसलेल्या एचपीच्या बऱ्याच मॉडेलांवर 'गो' बटन पाचेक सेकंद दाबून धरावे लागते, ब्रदरच्या बऱ्याच मॉडेलांवर 'गो' तीनदा दाबावे लागते. या पानावर आपल्याला लागणारे जवळपास सगळे असते. आतापर्यंत किती पाने छापली, मेमरी किती, कोणत्या भाषा कळतात, नेटवर्क कार्डाचा बारा अक्षरांचा मॅक पत्ता कोणता, आणि सध्याचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कमधला त्याचा पत्ता, काय. पान फिकट आले तर टोनर, म्हणजे शाईची पूड, संपत आला असेल, तो स्वस्तात भरून मिळतो. ठराविक अंतरावर तोच डाग पुन्हा पुन्हा उमटत असेल तर ड्रम (पानाची प्रतिमा उमटवणारा रूळ) किंवा फ्यूझर खराब आहे, आणि त्या दुरुस्तीचा खर्च कधीकधी प्रिंटरच्या किमतीएवढा होतो. असे यंत्र परत ठेवा.

टोनरचा क्रमांकही तिथेच विचारून घ्या. १३२० मालिकेला क्यू५९४९ए, पी२०५५ला सीई५०५ए. दोन्हींची मोठी, 'एक्स' अक्षराची आवृत्ती मिळते. ५९४९ए सुमारे २,५०० पाने देतो आणि ५९४९एक्स सुमारे ६,०००. घरच्या वापराला एक मोठा टोनर वर्षानुवर्षे पुरतो.

पत्ता

प्रिंटर केबलने राउटरच्या मागच्या लॅन खाचेत जोडा. कॅट ५ई केबल पुरेशी आहे. १०० मीटरपर्यंत ती चालते, म्हणजे राउटर हॉलमध्ये आणि प्रिंटर वरच्या मजल्यावर असला तरी अडचण नाही. खाचेजवळचा दिवा लागला की जोडणी झाली. प्रिंटर बंद करून पुन्हा सुरू करा, दोन मिनिटे थांबा आणि कॉन्फिगरेशन पान पुन्हा छापा.

आता आयपी पत्ता पाहा. घरच्या राउटरचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ असतो, जिओ फायबरच्या राउटरचा १९२.१६८.२९.१. प्रिंटरच्या पत्त्यातले टिंबांनी वेगळे केलेले पहिले तीन आकडे राउटरच्या तशाच पहिल्या तीन आकड्यांशी जुळले तर प्रिंटरने घरचा पत्ता घेतला आहे. जुळले नाहीत तर पुढच्या तिघांपैकी एक झाले आहे.

पत्ता १६९.२५४ने सुरू होत असेल तर प्रिंटरने राउटरकडे पत्ता मागितला पण मिळाला नाही. केबल, खाच आणि राउटर तपासा. पत्ता १९२.०.०.१९२ असेल तर ते एचपीच्या जेटडायरेक्ट या नेटवर्क कार्डाचे कारखान्यातून आलेले मूळ मूल्य आहे, अर्थ तोच. पत्ता १०.२०.४.३५ अशासारखा भलताच असेल तर जुन्या ऑफिसने तो हाताने घालून ठेवला आहे आणि प्रिंटर अजून त्याच ऑफिसच्या नेटवर्कची वाट पाहतो आहे. वापरलेल्या प्रिंटरांत हाच प्रकार सर्वांत जास्त आढळतो.

पडदा असलेल्या यंत्रावर उपाय सोपा आहे. मेनूत 'नेटवर्क' किंवा 'आय/ओ', त्यात 'टीसीपी/आयपी', आणि तिथे 'मॅन्युअल'ऐवजी 'डीएचसीपी', म्हणजे राउटरकडून आपोआप पत्ता घेण्याची पद्धत, निवडा. पडदा नसेल तर संगणकालाच थोडा वेळ त्या जुन्या ऑफिसच्या नेटवर्कात न्यावे लागते.

त्यासाठी प्रिंटरची केबल राउटरमधून काढून थेट लॅपटॉपला लावा. नव्या लॅपटॉपला लॅनची खाच नसेल तर यूएसबीला लागणारा लॅन ॲडाप्टर घ्या. अलीकडच्या संगणकांना त्यासाठी उलट जोडलेली क्रॉस केबल लागत नाही, साधीच चालते. लॅपटॉपचे वायफाय बंद करा. मग विंडोजचे बटन आणि आर एकत्र दाबा, येणाऱ्या खिडकीत एनसीपीए.सीपीएल ही अक्षरे इंग्रजीत टाका आणि 'एंटर' दाबा. नेटवर्क कार्डांची यादी उघडेल. 'इथरनेट'वर उजवे बटन दाबून 'प्रॉपर्टीज', त्यात 'इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्जन ४'. प्रिंटरचा पत्ता १०.२०.४.३५ असेल तर लॅपटॉपला १०.२०.४.३६ द्या, सबनेट मास्क पानावर छापलेलाच घ्या, साधारण २५५.२५५.२५५.० असतो. बाकीचे रकाने रिकामे ठेवा. इथे आकडे देवनागरीत छापले आहेत, संगणकावर मात्र ते इंग्रजीतच टाकायचे. कीबोर्ड मराठीवर राहिला असेल तर आधी बदला.

आता ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत प्रिंटरचा पत्ता टाका. त्याचे स्वतःचे पान उघडेल. 'नेटवर्किंग'च्या भागात पत्ता मिळवण्याची पद्धत 'डीएचसीपी' करा आणि 'अप्लाय' दाबा. यानंतर पान गोठल्यासारखे होते. पत्ता बदलला, म्हणून जुन्या पत्त्यावर आता कोणी उत्तर देत नाही. हे अपेक्षितच आहे, घाबरून प्रिंटर बंद करू नका. शेवटी प्रिंटरची केबल पुन्हा राउटरला लावा, आणि लॅपटॉपची ती सेटिंग पुन्हा 'ऑब्टेन ॲन आयपी ॲड्रेस ऑटोमॅटिकली'वर न्यायला विसरू नका. ती विसरली की पुढच्या वेळी केबलने इंटरनेट चालत नाही आणि कारण कोणाच्या लक्षात येत नाही.

प्रिंटरचे पान उघडायलाच तयार नसेल तर बहुतेकदा ब्राउझर आडवा येतो. क्रोम आणि फायरफॉक्सने २०२०मध्ये टीएलएस १.० आणि १.१ या जुन्या सुरक्षा पद्धती बंद केल्या आणि जुन्या प्रिंटरांना त्यापुढचे काही येत नाही. पत्त्याच्या आधी एचटीटीपी स्वतः टाका, शेवटचा एस न लावता. तेवढ्याने बहुतेक पाने उघडतात.

पान उघडलेच आहे तर तीन कामे आटोपून घ्या. ॲडमिन पासवर्ड बदला. 'ॲक्सेस कंट्रोल' नावाची यादी असेल तर ती रिकामी करा. तिच्यात जुन्या ऑफिसचे पत्ते भरलेले असले तर प्रिंटरचे पान तुमच्या ब्राउझरमध्ये नीट उघडते, पण छपाईचे काम तो मुकाट्याने नाकारतो, आणि हा दोष शोधायला फार वेळ जातो. तिसरे, आयपीएक्स, ॲपलटॉक, डीएलसी, टेलनेट अशा जुन्या नेटवर्क पद्धतींपैकी जे काही सुरू असेल ते बंद करा. घरी त्यांचा उपयोग नाही. मोठ्या यंत्रात हार्ड डिस्क असेल तर ती पुसण्याचा पर्यायही वापरा, कारण तिच्यावर आधीच्या मालकाची कागदपत्रे राहिलेली असू शकतात.

डीएचसीपीने मिळालेला पत्ता तात्पुरता असतो. वीज गेली, राउटर पुन्हा सुरू झाला, की राउटर प्रिंटरला दुसराच पत्ता देऊ शकतो आणि संगणक जुन्याच पत्त्यावर हाका मारत राहतो. 'कालपर्यंत चालत होता, आज ऑफलाइन दाखवतो' या तक्रारीचे मूळ बहुधा इथेच असते. म्हणून राउटरच्या पानात जाऊन 'डीएचसीपी रिझर्व्हेशन' किंवा 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' शोधा, तिथे कॉन्फिगरेशन पानावरचा मॅक पत्ता टाका आणि त्याला १९२.१६८.१.२०० असा एक आकडा कायमचा लावा. राउटरमध्ये ही सोय नसेल किंवा कंपनीने ती बंद ठेवली असेल तर दुसरी वाट धरा. राउटर वाटतो त्या पत्त्यांची मर्यादा १९९पर्यंत आणा आणि प्रिंटरलाच हाताने २०० द्या. मर्यादेच्या आतला पत्ता हाताने कधी देऊ नका. कधीतरी राउटर तोच पत्ता एखाद्या फोनला देईल आणि दोघेही अडतील.

पत्ता ठरला की तो कागदावर लिहून प्रिंटरच्या बाजूला चिकटवा. मग संगणकाच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये पिंग, एक जागा, आणि तो पत्ता टाकून पाहा. चार उत्तरे आली की पुढे जा. प्रिंटर झोपलेला असेल तर पहिले उत्तर चुकते, तेवढे चालते.

भाषा

कॉन्फिगरेशन पानावर पीसीएल ५, पीसीएल ६ (याला पीसीएल एक्सएलही म्हणतात) किंवा पोस्टस्क्रिप्ट यांपैकी काही लिहिलेले असेल तर निश्चिंत राहा. या भाषा अनेक कंपन्यांच्या यंत्रांना कळतात आणि आजच्या प्रत्येक संगणकाला बोलता येतात. त्या प्रिंटरचा खास ड्रायव्हर जगातून नाहीसा झाला तरी काम अडत नाही.

याउलट काही स्वस्त प्रिंटर स्वतः काहीच समजत नाहीत. पानाचे ठिपके मांडायचे सगळे काम ते संगणकाकडून करून घेतात. त्यांना होस्ट-बेस्ड म्हणतात. आपल्याकडे घरोघरी दिसणारा कॅनन एलबीपी२९०० याच जातीचा आहे आणि त्याला नेटवर्कही नाही. एचपीचा पी११०२डब्ल्यू नेटवर्कवर चालतो, पण त्याला त्याचाच ड्रायव्हर लागतो. कंपनीने ड्रायव्हर देणे थांबवले की अशा यंत्राचे दिवस भरले. म्हणूनच दुकानात दोन प्रिंटर सारख्याच किमतीला असतील तर पीसीएल किंवा पोस्टस्क्रिप्ट समजणारा घ्या, मग तो पाच वर्षे जुना का असेना.

विंडोजमध्ये जोडणी

'सेटिंग्ज'मध्ये 'ब्लूटूथ अँड डिव्हायसेस', तिथे 'प्रिंटर्स अँड स्कॅनर्स', आणि 'ॲड डिव्हाइस'. विंडोज शोधायला लागेल. प्रिंटर यादीत दिसला तरी त्यावर बोट ठेवू नका. असा आपोआप सापडलेला प्रिंटर विंडोज बहुधा डब्ल्यूएसडी नावाच्या पोर्टवर (संगणकाने प्रिंटरकडे जायच्या मार्गावर) बसवते, आणि जुन्या यंत्रांच्या बाबतीत हा पोर्ट मधूनच हरवतो. थोडे थांबा, 'ॲड मॅन्युअली'चा पर्याय येईल. त्यात आयपी पत्त्याने किंवा होस्टनेमने प्रिंटर जोडण्याची ओळ निवडा. पुढच्या खिडकीत 'डिव्हाइस टाइप' म्हणून 'टीसीपी/आयपी डिव्हाइस' घ्या, पत्ता टाका आणि प्रिंटरला विचारून ड्रायव्हर आपोआप निवडण्याची खूण काढून टाका. ड्रायव्हर आपणच निवडणार आहोत.

आता कंपन्यांची यादी येते. मॉडेल त्यात असेल तर उत्तम. नसेल तर आधी निर्मात्याचा सर्वसाधारण ड्रायव्हर उतरवून घ्या. एचपीसाठी तो 'युनिव्हर्सल प्रिंट ड्रायव्हर', पीसीएल ६ची आवृत्ती. तोही जमला नाही तर यादीतच 'मायक्रोसॉफ्ट' या नावाखाली 'पीसीएल ६ क्लास ड्रायव्हर' आणि 'पीएस क्लास ड्रायव्हर' असतात. प्रिंटरला कळते ती भाषा पाहून त्यातला एक निवडा. साधी छपाई त्यावर नक्की होते.

जुन्या सीडीवरचे ड्रायव्हर का चालत नाहीत, तेही समजून घ्या. त्यातले कित्येक फक्त ३२ बिटचे आहेत आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येते. स्नॅपड्रॅगन प्रोसेसरच्या नव्या लॅपटॉपांवर तर इंटेलसाठी लिहिलेले ६४ बिटचे ड्रायव्हरही चालत नाहीत, तिथे मायक्रोसॉफ्टच्या क्लास ड्रायव्हरवरच भिस्त ठेवावी लागते. विंडोज ११मध्ये 'विंडोज प्रोटेक्टेड प्रिंट मोड' नावाचा एक पर्यायही आला आहे. तो मुळात बंद असतो. कोणी सुरू केला असेल तर कंपन्यांचे जुने ड्रायव्हर एकही चालणार नाहीत, तेव्हा तो बंदच ठेवा.

प्रिंटर बसला की 'प्रिंटर प्रॉपर्टीज' उघडून दोन ठिकाणी हात फिरवावा लागतो. 'पोर्ट्स'मध्ये आपल्या पत्त्याच्या ओळीवर 'कॉन्फिगर पोर्ट' दाबा. प्रोटोकॉल 'रॉ' आणि क्रमांक ९१०० असला पाहिजे. खाली 'एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड'ची खूण असेल तर काढा. विंडोज या मार्गाने प्रिंटरची तब्येत विचारते. जुन्या ऑफिसने त्याचा परवलीचा शब्द बदलून ठेवला असला की उत्तर येत नाही आणि चांगला चालणारा प्रिंटर 'ऑफलाइन' दाखवला जातो. दुसरे ठिकाण 'डिव्हाइस सेटिंग्ज'. सर्वसाधारण ड्रायव्हरला यंत्रात काय काय बसवले आहे ते ठाऊक नसते. दोन्ही बाजूंच्या छपाईचा भाग, म्हणजे 'डुप्लेक्स युनिट', तिथे 'इन्स्टॉल्ड' करा. नाहीतर तो पर्याय छापताना दिसतच नाही आणि लोकांना वाटते यंत्र बिघडले. कागदाचा आकार ए४ करायचा तोही इथेच, आणि प्रिंटरच्या स्वतःच्या पानातही. अमेरिकन 'लेटर' आकार तसाच राहिला तर प्रिंटर दिवा लुकलुकवत दुसऱ्या कागदाची वाट पाहत बसतो, आणि ट्रे भरलेला असूनही 'लोड लेटर' म्हणत राहतो.

मॅक, लिनक्स आणि फोन

मॅकवर 'प्रिंटर्स अँड स्कॅनर्स'मध्ये 'ॲड' दाबून वरच्या चिन्हांपैकी 'आयपी'चे निवडा. पत्ता टाका, प्रोटोकॉल 'एचपी जेटडायरेक्ट – सॉकेट' घ्या. हे नाव एचपीचे असले तरी ९१०० क्रमांकावर चालणाऱ्या कोणत्याही कंपनीच्या प्रिंटरला ते लागू पडते. 'यूझ'च्या जागी 'जेनेरिक पोस्टस्क्रिप्ट' किंवा 'जेनेरिक पीसीएल' निवडा. पोस्टस्क्रिप्ट असेल तर तेच बरे.

लिनक्समध्येही हीच 'सॉकेट'ची जोडणी, फक्त 'कप्स' या छपाईच्या प्रणालीच्या पानातून. एचपीसाठी एचपीलिप हे पॅकेज आधी टाकून घ्या.

फोनचा प्रश्न वेगळा आहे. फोनवरून ड्रायव्हरशिवाय छापायची ॲपलची पद्धत, एअरप्रिंट, २०१०च्या नोव्हेंबरात आली, त्याआधीच्या बहुतेक प्रिंटरांना ती माहीतच नाही. घरात सगळ्यांना फोनवरूनच छापायचे असेल तर रास्पबेरी पाय हा छोटा संगणक राउटरला जोडून त्यावर 'कप्स' आणि नेटवर्कवर प्रिंटरची ओळख करून देणारे 'अवाही' चालवा. पाय जुन्या प्रिंटरला पीसीएलमध्ये बोलतो आणि फोनसमोर नव्या प्रिंटरसारखा उभा राहतो. प्रिंटरचे नेटवर्क कार्ड जळले असेल तरी तोच पाय यूएसबीने जोडून काम भागते. एवढी खटपट नको असेल तर फोनवरून फाइल संगणकावर पाठवून तिथून छापा. क्वचित छापणाऱ्या घराला तेच सोयीचे.

प्रिंटर स्कॅनरसह असेल आणि 'स्कॅन टू फोल्डर' चालत नसेल तर दोष प्रिंटरचा नाही. जुनी यंत्रे फाइल पाठवायला एसएमबी या विंडोजच्या फाइल-देवाणघेवाणीच्या पद्धतीची पहिली आवृत्ती वापरतात. तिच्यातल्या धोक्यांमुळे विंडोज १०च्या २०१७ सालच्या आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने ती मुळात बसवणेच थांबवले. ती पुन्हा सुरू करायचा सल्ला अनेक ठिकाणी मिळेल, तो मानू नका. स्कॅन यूएसबी पेनड्राइव्हवर घ्या किंवा प्रिंटरला एफटीपी या फाइल पाठवायच्या दुसऱ्या पद्धतीने पाठवता येत असेल तर ती वाट वापरा.

जुने वायफाय

नावात डब्ल्यू असला तरी पहिली पसंती केबललाच द्या. जुन्या प्रिंटरांना फक्त २.४ गिगाहर्ट्झचे वायफाय कळते, आणि कित्येकांना डब्ल्यूपीए३ ही वायफायची नवी सुरक्षा पद्धत कळत नाही. काही तर डब्ल्यूईपी या जुन्या, कमकुवत पद्धतीपलीकडे गेलेलेच नाहीत. प्रिंटर जोडला जावा म्हणून अख्ख्या घराच्या वायफायची सुरक्षा खाली आणणे हा सौदा तोट्याचा आहे. त्याऐवजी जुना पडून असलेला राउटर घ्या, त्याला 'क्लायंट' किंवा 'ब्रिज' मोडमध्ये घरच्या वायफायला जोडा आणि त्याच्या लॅन खाचेतून आखूड केबल प्रिंटरला द्या. जाड भिंतींच्या जुन्या घरांत हा उपाय फार कामाला येतो.

पाहुण्यांसाठीच्या 'गेस्ट' वायफायवर असलेल्या फोनला किंवा लॅपटॉपला प्रिंटर दिसत नाही. ऑफिसच्या व्हीपीएनवर जोडलेल्या लॅपटॉपलाही बहुधा दिसत नाही. आधी ते तपासा, मग ड्रायव्हर काढायला घ्या. आणि घराबाहेरून छापता यावे म्हणून राउटरमधून ९१०० हा क्रमांक इंटरनेटला कधीही उघडू नका. तिथे कसलाही पासवर्ड विचारला जात नाही, जगातला कोणीही तुमचा कागद संपवू शकतो.

अडले तर

पानाच्या डोक्यावर टक्क्याचे चिन्ह, उद्गारचिन्ह आणि 'पीएस-ॲडोबी' अशी इंग्रजी अक्षरे छापून पुढे पानामागून पान येत असेल, तर पोस्टस्क्रिप्टचा ड्रायव्हर पोस्टस्क्रिप्ट न कळणाऱ्या प्रिंटरला लावला आहे. आधी ट्रे बाहेर ओढा म्हणजे कागद वाचतील, काम रद्द करा, प्रिंटर बंद करा, मग पीसीएलचा ड्रायव्हर लावा.

काम रद्दही होत नसेल तर रांग अडकली आहे. 'सर्व्हिसेस'मध्ये छपाईची रांग सांभाळणारा 'प्रिंट स्पूलर' थांबवा. विंडोजच्या फोल्डरात सिस्टम३२, त्यात स्पूल, त्यात प्रिंटर्स, या फोल्डरातल्या फाइली पुसा. फोल्डर पुसायचा नाही. मग स्पूलर पुन्हा सुरू करा.

मोठी पीडीएफ अर्ध्यात थांबते किंवा 'पीसीएल एक्सएल एरर' लिहिलेले एखादे पान बाहेर येते तेव्हा बहुधा मेमरी कमी पडलेली असते किंवा ड्रायव्हर त्या पानाशी जुळत नसतो. १६ मेगाबाइटवाल्या यंत्राला फोटोंनी भरलेले पान झेपत नाही. रिझोल्यूशन १२००वरून ६०० करा, नाहीतर पीसीएल ५चा ड्रायव्हर वापरून पाहा.

कागद घेताना घरघर करतो आणि ओढत नाही, हे नेटवर्कशी संबंधित नाही. ट्रेवरचा रबरी रोलर गुळगुळीत झालेला असतो. किंचित ओल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने तो पुसा. नाहीच जमले तर नवा बसवा, हा भाग स्वस्त असतो. जून ते सप्टेंबर इंदूरच्या पावसाळी हवेत उघडा राहिलेला कागद ओल धरतो, मग तो वळतो, अडकतो आणि छपाई ठिपकेदार येते. रीम प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा आणि ट्रेमध्ये चाळीस-पन्नासच कागद घाला. वीज कडाडत असेल तेव्हा प्लगबरोबर नेटवर्कची केबलही काढा. नेटवर्क कार्ड त्या केबलीतूनही जळते.

मराठी मजकूर

जोडणी पूर्ण झाली असे म्हणण्याआधी विंडोजचे 'टेस्ट पेज' पुरेसे मानू नका, त्यात सगळी इंग्रजीच असते. 'क्षेत्र, ज्ञान, र्‍हास, कृष्ण, विठ्ठल, उज्ज्वल, सुऱ्या' असे जोडाक्षरांचे एक पान बनवून छापा. पडद्यावर नीट दिसणारा मजकूर कागदावर फुटलेला येतो, वेलांटी पुढच्या अक्षरावर जाते, रफार गळतो किंवा अक्षरांच्या जागी चौकटी येतात, असे जुन्या पीसीएल ड्रायव्हरांत होते. संगणक अक्षरांचा साचा तुकड्यातुकड्यांनी प्रिंटरकडे पाठवतो आणि तिथे त्यांची जुळणी चुकते. उपाय असा की अक्षरे साचा म्हणून न पाठवता चित्र म्हणून पाठवायची. 'प्रिंटिंग प्रेफरन्सेस'मध्ये 'ॲडव्हान्स्ड' उघडून ट्रूटाइप फॉन्टविषयीची ओळ शोधा आणि तिथे 'बिटमॅप' किंवा 'ग्राफिक्स' निवडा. ॲक्रोबॅटमधून छापत असाल तर छपाईच्या खिडकीत 'ॲडव्हान्स्ड' दाबून 'प्रिंट ॲज इमेज'ला खूण करा. पान बाहेर यायला थोडा जास्त वेळ लागतो, पण जोडाक्षर जसेच्या तसे उतरते. जुन्या कृतीदेव फॉन्टमधल्या फाइली छापायच्या असतील तर तो फॉन्ट त्या संगणकावर बसवलेला असायलाच हवा. नसेल तर कागदावर रोमन अक्षरांचा गोंधळ येतो आणि दोष उगाच प्रिंटरला दिला जातो.